पैऱ्याचा थेंब

सारिका साळुंखेचं स्कॅन निर्मळ निघालं, तेव्हा हिंगणमाळच्या बेदाणा शेडमध्ये पेढे वाटले गेले आणि प्रणोती शेंडगे सोडून सगळ्यांनी ते खाल्ले.

प्रणोती पेढा हातात धरून उभी होती.

"खा की गं," रुपाक्का म्हणाली. रूपाली चव्हाण म्हणजे शेडची मुकादमीण. वय अठ्ठेचाळीस, आवाज असा की पंखे बंद केल्यासारखे वाटावेत. "तुझं मशीन खोटं पडलं म्हणून तोंड पाडून का बसलीस? बाई वाचली की आमची."

"त्याचा आनंदच आहे, आक्का. पण यंत्र असं चुकत नाही."

"मग कसं चुकतं? आम्हाला पण सांग, आम्ही त्याला तसं चुकायला शिकवतो."

बायका खदखदून हसल्या. सारिकाही हसली, पण जरा उशिरा आणि खाली बघून. प्रणोतीच्या ते लक्षात आलं. लक्षात येणं हे तिचं जुनं दुखणं होतं. सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी. करतानाही प्रयोगाचं उत्तर पुस्तकाशी जुळलं तरी एक आकडा तिला टोचत राहायचा.

गेली तीन वर्षं ती हिंगणमाळच्या उपकेंद्रात आरोग्यसखी होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचं हे द्राक्षांचं गाव. शेडमध्ये बेदाणा निवडायला रंग ओळखणारं यंत्र येऊन दहा वर्षं झाली, तरी शेवटचा हात बायकांचाच फिरायचा. दांडी राहिलेला, आतून करपलेला दाणा यंत्राला दिसत नसे, यांना दिसायचा. शेडच्या पटावर एकशे बारा बायका. त्या सगळ्यांचं दर तीन महिन्यांनी एक थेंब रक्त घ्यायचं, हे प्रणोतीचं काम.

थेंबयंत्राचं तत्त्व तिनं या बायकांना अनेकदा समजावलं होतं. शरीरातल्या पेशी रोज मरतात आणि मरताना आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडून जातात. डीएनएची अक्षरं सगळ्या पेशींत सारखीच. पण त्या अक्षरांवर बसलेल्या रासायनिक खुणा प्रत्येक अवयवाच्या वेगळ्या. यकृताच्या निराळ्या, स्तनाच्या निराळ्या, गर्भाशयाच्या निराळ्या. पेशी बिघडू लागली की तिच्या खुणाही विस्कटतात. एका थेंबात असे तुकडे मोजकेच सापडतात, पण या नव्या यंत्राला मोजकेच पुरत. ते फक्त खुणा वाचायचं. अक्षरं वाचली तर ही कुणाची लेक, कुणाची आई, सगळंच उघडं पडेल. म्हणून कायद्यानं यंत्राला अक्षरांपुरतं आंधळं ठेवलं होतं. वाचून झालं की थेंब घेतलेलं कागदी कार्ड आतल्या आत विरघळून जायचं. या एका अटीवर बायका बोट पुढे करायला तयार झाल्या होत्या.

हजारात एखादा इशारा खोटा निघे, नाही असं नाही. पण तेव्हा खुणा धूसर असत, दोन-तीन अवयवांत घोटाळत. सारिकाच्या कार्डावर आलेल्या खुणा ठळक होत्या आणि एकाच जागेच्या होत्या: बीजवाहिनीच्या टोकाच्या. अंडाशयाचा कर्करोग पुष्कळदा तिथेच सुरू होतो आणि पोट फुगेपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही. इतक्या ठळक खुणा असताना सारिकाच्या पोटात काहीच नाही?

प्रणोतीनं पेढा कागदात गुंडाळला आणि ती उपकेंद्रात परत आली.

दुपारच्या शांततेत तिनं सारिकाच्या थेंबाची कच्ची नोंद उघडली. यंत्र पडद्यावर हिरवा किंवा लाल एवढंच दाखवतं. त्यामागे हजारो खुणांची लांबलचक यादी असते, ती कुणी बघत नाही. प्रणोतीला तिच्यातलं एक माहीत होतं. काही खुणा वयाबरोबर ठरावीक गतीनं बदलतात, झाडाच्या खोडात वर्षागणिक वळं पडावीत तशा. त्या मोजल्या की माणसाचं वय कळतं, फार तर तीन वर्षं इकडे-तिकडे.

सारिका एक्केचाळीस वर्षांची होती. थेंबाचं वय आलं एकोणसत्तर.

तिनं पुन्हा मोजलं. एकोणसत्तर. मग खात्रीसाठी स्वतःचा थेंब मोजला. ती सत्तावीसची, उत्तर अठ्ठावीस आलं. वयाचं हे घड्याळ बरोबर चालत होतं.

म्हणजे यंत्र खोटं बोललं नव्हतं. थेंबच सारिकाचा नव्हता.

थेंबतपासणीची योजना तीस ते पासष्टच्या बायकांची. पटावर पासष्टच्या वर एकही नाव नव्हतं. कुठल्यातरी सत्तरीला आलेल्या बाईच्या पोटात रोग वाढत होता, आणि यादीतच नसल्यामुळे तिला कुणीही शोधणार नव्हतं.

मग प्रणोतीनं जे करायला नको असं तिला आतून वाटत होतं, तेच केलं. या तिमाहीचे सगळे एकशे बारा थेंब वयाच्या घड्याळातून काढले. तेवीस कार्डांवरचं वय बाईच्या वयाशी जुळलं नाही. छत्तीस वर्षांच्या बाईचा थेंब बावन्नचा, अठ्ठावन्नच्या बाईचा थेंब चाळीसचा. आणि ही झाली फक्त पकडता आलेली. चाळिशीच्या बाईनं चाळिशीतल्याच मैत्रिणीसाठी बोट टोचलं असेल, तर घड्याळाला त्याचा पत्ताच नव्हता.

समोरच्या भिंतीवर तक्ता होता: सलग बारा तिमाह्या, शंभर टक्के. जिल्ह्यात असं दुसरं गाव नव्हतं. येत्या शुक्रवारी सांगलीत सत्कार होता, आणि पहिल्या आलेल्या केंद्राच्या सखीला पुण्याला वर्षभराचं प्रशिक्षण मिळणार होतं. नेमकं याच कच्च्या नोंदी वाचण्याचं. प्रणोतीनं नेण्याच्या पुस्तकांची यादीसुद्धा करून ठेवली होती.

चूक कुठे झाली, हेही तिला कळत होतं. थेंबासाठी उपकेंद्रात रांग लावली की बायकांचा अर्धा दिवस मोडायचा. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनंच युक्ती काढली होती: टोचण्या आणि कार्डं घातलेली पेटी आठवडाभर रुपाक्काच्या टेबलावर ठेवायची, चहाच्या सुट्टीत ज्यांनी-त्यांनी आपापलं बोट टोचायचं. जिल्ह्यानं या युक्तीचं कौतुक केलं होतं.

तिनं मिरजेच्या रुग्णालयात डॉ. निगार मुल्लांना फोन लावला. सारिकाला त्यांनीच तपासलं होतं.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एकोणसत्तर? हे बघायचं तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, मॅडम. नोंदीत होतं, मी मोजलं."

"हं. आता नीट ऐक. सारिकाची फाइल मी 'खोटा इशारा' म्हणून बंद करू शकते, कुणी काही विचारणार नाही. पण पासष्टच्या वरच्या बाईला या योजनेत तपासायचं तर खास परवानगी लागते. त्या परवानगीला कारण लेखी लागतं. खरं कारण लिहिलंस की तुमचे शंभर टक्के गेले."

"आणि बाई?"

"बाई आधी शोध. मला नाव दे, मी ऑपरेशनचं टेबल तयार ठेवते. या अवस्थेत ती पूर्ण बरी होईल. पुढच्या वर्षी मी असं म्हणू शकणार नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत प्रणोती शेडमध्ये गेली. ती रागावायचं ठरवून गेली होती.

"आक्का, थेंब एकमेकींचे दिलेत?"

रुपाक्कानं बशी खाली ठेवली.

"दिले की. पैरा केला."

"पैरा?"

"आता पैरा काय ते तुला सांगायचं होय? तू काय परगावची हाईस? आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. तसंच हे. कोण माहेरी जाती, कोण आजारी पडती, एखादीला टोचायचं म्हटलं की चक्कर येती. ती नसली की तिच्या वाटणीचा थेंब दुसरी देती. पुढच्या खेपेला ही फेडती. आजवर एकीनं पैरा बुडवला न्हाई!" हे सांगताना तिची मान ताठ होती. "एक कार्ड कोरं राहिलं की तुझा तक्ता खाली येणार. आमच्या गावची पोर, शिकून परत आलेली. तिचा तक्ता आम्ही खाली येऊ देऊ व्हय?"

तीन वर्षं ज्या आकड्याचा प्रणोतीला अभिमान होता, तो या बायकांनी तिच्यासाठी बोटं टोचून उभा केला होता. तिला रडूही येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं.

"आक्का, तासगावच्या बेदाणा सौद्याला नमुना नेता ना तुम्ही? शेजारच्या शेडचा नमुना आपल्या पेटीवर ठेवला तर?"

"तर माल परत येईल. आणि तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."

"मग हेच केलंय आपण. रान कुणीही नांगरलं तरी नांगरलं जातं. रक्ताचं तसं नाही. तुमच्या पोटात काय चाललंय ते तुमचंच रक्त सांगणार. सारिकावहिनीच्या कार्डावर लाल आलं ते खोटं नव्हतं. ज्या बाईनं तो थेंब दिला, तिला रोग आहे. आणि ती सत्तरीच्या आसपासची आहे."

सारिका ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मी भावजयीच्या बाळंतपणाला गेलेले. माझा पैरा रुपाक्काकडं होता. कागद आला तेव्हा मला म्हाईत होतं, हे माझं रक्त न्हाई. पण रुपाक्काचं स्वतःचं कार्ड तर हिरवं. मग आम्ही दोघींनी धरलं, मशीनच चुकलं."

"मी दिलाच न्हाई," रुपाक्का हळूच म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज शेडनं पहिल्यांदाच ऐकला. "द्यायला गेले तर हिचं कार्ड भरलेलं दिसलं. म्हटलं, दिला असंल कुणीतरी, बरं झालं."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटच्या टेबलापाशी मालनकाकी दांड्या चाळत बसली होती. मालनकाकी म्हणजे सारिकाची सासू. तीस वर्षं याच शेडमध्ये राबलेली. वय झाल्यावर पटावरून नाव गेलं, तरी घरी करमत नाही म्हणून यायची.

"प्रणोती," तिनं चाळणी न थांबवता विचारलं, "ज्या बाईचा त्यो थेंब, तिला काय हुईल?"

"आत्ता सापडली तर काही नाही, काकी. बारीक छिद्रं पाडून ऑपरेशन करतात. चार दिवसांत घरी."

"आन न्हाई सापडली तर?"

"वर्ष-दीड वर्ष काही कळणार नाही. मग पोट फुगेल. तेव्हा उशीर झालेला असेल."

चाळणी दोन फेरे फिरली.

"आन जिच्या कार्डावर त्यो पडला, तिच्या नावाला बट्टा लागंल का? तिला पटावरनं काढतील?"

"नाही, काकी. कुणालाच काढणार—"

सारिकाच्या हातातला ट्रे टेबलावर आदळला. "आत्याबाई!" सासूला ती याच नावानं हाक मारायची.

"वरडू नगंस. भैरी न्हाई मी." मालनकाकीनं आता चाळणी खाली ठेवली. "तू गेलीस, तुझ्या जागेवर आठ दिवस मी बसले. तुझ्या पेट्या मी भरल्या. मग ती थेंबाची पेटी आली. समद्या बाया बोटं टोचाय लागल्या, तुझं एकटीचं कार्ड कोरं. काम माझ्याकडं, तर थेंब कुणाकडं? दिला."

"मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? एक थेंब तर दिला, किडनी दिली न्हाई." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मालनकाकीनं पदरानं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "आन खरं सांगू? मला बी वाटत हुतं, आपलं बी एकदा कुणीतरी बघावं. पासष्ट झाली की बाईचं पोट काय गळून पडतं?"



सारिका सासूजवळ जाऊन बसली आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून राहिली. मालनकाकीनं तो सोडवून घेतला नाही.

प्रणोतीनं मोबाइलवर अर्ज उघडला. "आक्का, काकीच्या परवानगीसाठी मला सगळं लिहावं लागेल. शुक्रवारचा सत्कार आपला राहणार नाही."

"तुझं पुणं?"

"तेही नाही."

रुपाक्का टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर आली. "किती लिवणार?"

"यंत्रानं तेवीस दाखवलेत."

"तेवीस?" रुपाक्कानं शेडवरून नजर फिरवली. टेबलामागून टेबल. पेटी भरताना एक वाईट दाणा राहिला की ती अशीच बघायची. "यंत्राला काय कळतंय? खरं लिवायचं तर पुरतं लिव. ए बायांनो! ह्या खेपेला जिच्या कार्डावर तिचा सोताचा थेंब न्हाई, तिनं हात वर करा. लाजू नका. लाजायचं ते लिवून झाल्यावर लाजा."

आधी सारिकाचा हात वर गेला. मग खिडकीकडच्या टेबलावर दोन. मग मधल्या ओळीत चार, दारापाशी एक, पुन्हा मधे तीन. काही हात झटकन वर आले, काही अर्ध्यावर थांबून शेजारणीकडे बघून मग वर आले. बेदाण्याच्या साखरेनं चिकट झालेली ती बोटं हवेत तशीच राहिली. प्रणोती मोजत होती. तेवीसला ती थांबली नाही, कारण हात थांबले नव्हते. एकतीस.

ज्या आठ जणींना जगातलं कुठलंही घड्याळ पकडू शकलं नसतं, त्यांनीही हात वर केले होते.

"एकशे बारातले एक्क्याऐंशी खरे," ती म्हणाली. तीन वर्षांत तक्त्यावर आकडा लिहिताना ऊर असा कधीच भरून आला नव्हता. "आक्का, एवढा चोख आकडा मी आजवर वर पाठवलेला नाही."

"मग पाठव. आणि ती पेटी घेऊन जा माझ्या टेबलावरची. उद्यापास्नं रांग लागंल. अर्धा दिवस मोडला तर मोडू दे, शेडमालकाशी मी बघते."

प्रणोतीनं उभ्या-उभ्याच अर्ज लिहिला. चूक का झाली या रकान्यात तिनं पहिलं वाक्य स्वतःबद्दल लिहिलं: पेटी शेडमध्ये ठेवण्याचा निर्णय माझा होता. पैऱ्याबद्दल मग सविस्तर लिहिलं, कारण हा शब्द न समजता कुणी या बायकांना लबाड म्हणू नये असं तिला वाटत होतं.

शुक्रवारी सांगलीत दुसऱ्याच गावाचा सत्कार झाला. त्याच वेळी मिरजेच्या रुग्णालयात मालनकाकीचं ऑपरेशन चाललं होतं. बाहेरच्या बाकांवर सारिका, रुपाक्का आणि शेडमधल्या अकरा बायका बसल्या होत्या. रखवालदारानं दोनदा सांगून पाहिलं की पेशंटसोबत एकच नातेवाईक थांबेल. "मग आमच्यातली कुठली एक ते तूच निवड," रुपाक्का म्हणाली, आणि तो तिसऱ्यांदा आला नाही.

डॉ. निगार बाहेर आल्या तेव्हा मास्कच्या वर त्यांचे डोळे हसत होते.

"ज्वारीच्या दाण्याएवढं होतं. बीजवाहिनीच्या अगदी टोकाला. दिसेल तिथं सगळं स्वच्छ आहे, आजूबाजूचे नमुनेही पाठवलेत. पण माझ्या हाताखालून इतक्या बायका गेल्यात, इतक्या लवकर मी हे कुणाचंच बघितलेलं नाही."

सारिका मटकन खाली बसली. रुपाक्कानं तिला काखेत हात घालून उठवलं. "रडायचं तर उभ्यानं रड. सासू उठली की म्हणंल, सुनेला बसायला कुठंबी चालतं."

डॉक्टरांनी प्रणोतीला बाजूला घेतलं. "तुझा अर्ज जिल्ह्याच्या बैठकीत वाचला गेला. पुढच्या तिमाहीपासून सगळ्या यंत्रांत आधी थेंबाचं वय तपासलं जाणार. एकानं विचारलं, या केंद्रावर कारवाई काय करायची. मी म्हटलं, बाकीच्या गावांचे आकडे त्याच घड्याळातून काढून बघा, मग बोलू. कारवाईचा विषय तिथंच संपला." त्यांनी मास्क खाली केला. "आणि पासष्टच्या वरच्यांसाठी चाचणी म्हणून एक गाव मंजूर झालंय. पुणं मात्र मी तुला देऊ शकत नाही."

"कुठलं गाव?"

"तुला काय वाटतं?"

संध्याकाळी मालनकाकी शुद्धीवर आली. ओठ कोरडे पडले होते, पण नजर जागेवर होती. तिनं आधी सारिकाला विचारलं, जेवलीस का. मग प्रणोतीला जवळ बोलावलं.

"माझं काय लिवलंस त्या कागदात? सुनंच्या नावावर बसलेली म्हातारी, आसंच ना?"

"नाही, काकी. आज नवी यादी सुरू केली. पासष्टच्या वरच्या बायकांची. तुमचं नाव पहिलं आहे."

"दाव."

प्रणोतीनं पडदा तिच्या तोंडापुढे धरला. मालनकाकीनं डोळे बारीक केले. "चष्मा घरी ऱ्हायला. वाच तू."

"अनुक्रमांक एक. मालन गणपती साळुंखे. वय एकोणसत्तर. स्वतःच्या नावावर तपासणी."

खोलीत आणखी पाच खाटा होत्या, त्यांवरच्या बायका माना वळवून इकडे बघू लागल्या होत्या.

"मोठ्यानं वाच," मालनकाकी म्हणाली.